प्लॅन शंभरचा, तरी गेम अडकतो: सिडकोतल्या तीन मजली घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर नाशिकच्या सिडकोतलं. मूळचं बैठं घर, त्यावर सोयीनुसार चढवलेले दोन मजले. दोन्ही बाजूंना सामाईक भिंती, समोरून अरुंद आणि मागे लांबट, मधोमध जिना. तळमजल्यावर हॉल, स्वयंपाकघर आणि आजीची खोली. पहिल्या मजल्यावर आई-वडील आणि धाकटी, दुसऱ्यावर बारावी झालेल्या मोठ्या मुलाची खोली आणि पुढे गच्ची. वडील अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये. आई संध्याकाळी ५ ते ७ ऑनलाइन शिकवणी घेते.

इंटरनेट स्थानिक केबलवाल्याकडून फायबरवर घेतलेलं: डाउनलोड १०० एमबीपीएस, अपलोड २०. फायबर पुढच्या दारातून आत आलेली. कंपनीचा ओएनटी (फायबर जिथे संपते तो डबा, यातच राउटर आणि वाय-फाय) हॉलच्या माळ्यावर, लोखंडी कपाटाला टेकून. कोपरा मोकळा होता आणि वायर दिसत नव्हती, एवढ्यावर ती जागा ठरलेली. आपल्याकडे निम्म्या घरांत राउटरची जागा अशीच ठरते.

कन्सोल दोन. मुलाच्या खोलीत प्लेस्टेशन ५. धाकटीकडे चुलतभावाने दिलेला प्लेस्टेशन ४, अगदी पहिल्या मॉडेलचा. या पहिल्या मॉडेलमध्ये वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं असतं, ५ गिगाहर्ट्झ त्याला दिसतच नाही. शिवाय त्याचा कंट्रोलर ब्लूटूथवर चालतो आणि ब्लूटूथही २.४ वरच. गेटवर २.४ चाच वाय-फाय कॅमेरा, हॉलमध्ये टीव्ही आणि घरात पाच मोबाइल.

अडचण

रात्री साडेनऊनंतर मुलाचा गेम अडकायचा. खेळाडू एका जागी थिजायचा आणि दोन सेकंदांनी भलतीकडेच उभा दिसायचा. मित्रांशी बोलताना आवाज तुटायचा. दिवसाही अधूनमधून असं व्हायचं, पण रात्री हमखास. कन्सोलच्या नेटवर्क चाचणीत डाउनलोड ३५-४० एमबीपीएस दिसायचा, त्यामुळे ‘नेट तर ठीक आहे’ यावर घरातली चर्चा संपायची. मुलाच्या मते दोष आईच्या क्लासचा. आईच्या मते क्लासमध्ये तिचं चित्र गोठतं ते गेममुळे. वेळा पाहिल्या तर दोघांचं भांडण टिकत नव्हतं: क्लास सातला संपायचा आणि गेम साडेनऊला बिघडायचा.

केबलवाल्याच्या माणसाचा उपाय तयार होता: “काका, तीनशेचा प्लॅन घ्या, लॅग-बिग काही राहणार नाही.” महिन्याला साधारण ४०० रुपये जास्त. वडील पैसे भरायला तयारही होते.

आधी मोजणी

पहिला निर्णय हाच की मोजल्याशिवाय एक रुपयाही घालायचा नाही. या प्रकरणातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी पाऊल तेच ठरलं.

ऑनलाइन खेळाला डेटा फार कमी लागतो. बहुतेक गेम खेळताना एक एमबीपीएससुद्धा वापरत नाहीत. शंभर एमबीपीएस लागतात ते गेम उतरवताना. खेळताना महत्त्वाच्या गोष्टी तीन: पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) जाऊन यायला लागणारा वेळ, त्या वेळेतली चढउतार आणि वाटेत हरवणारी पॅकेटं. स्पीड टेस्टच्या मोठ्या आकड्यात या तिन्ही दिसत नाहीत.

मोजणी दोन टप्प्यांत केली. लॅपटॉप कन्सोलच्याच फळीवर ठेवून राउटरच्या पत्त्याला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, २०० पिंग (उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी पॅकेटं) पाठवले. हा प्रवास घराबाहेर जातच नाही, त्यामुळे इथे दोष निघाला तर तो घरातला. उत्तर ३ मिलिसेकंदांपासून १८० पर्यंत कुठेही आणि २०० पैकी ९ पॅकेटं गायब. मग तोच लॅपटॉप खाली आणून केबलने ओएनटीला जोडला: सलग १ मिलिसेकंद, गळती शून्य. तिथूनच मुंबईतल्या एका सर्व्हरला पिंग केलं तर ८-९ मिलिसेकंद. फायबर आणि कंपनी दिवसा तरी निर्दोष होती.

तीच केबलवरची चाचणी रात्री दहाला पुन्हा घेतली. राउटरपर्यंत १ मिलिसेकंदच, पण मुंबईपर्यंत ९ चे २४० झालेले. ओएनटीच्या पानावर अपलोड वीसच्या वीस भरलेला दिसत होता. एकेका मोबाइलचं वाय-फाय बंद करत गेल्यावर दोन फोन हाती लागले, वडिलांचा आणि धाकटीचा. जेवणं झाली की दोन्ही चार्जिंगला लागायचे आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला सुरुवात करायचे. कॅमेऱ्याचे दोन एमबीपीएस त्यात कायमचे होतेच. अपलोड भरला की पॅकेटं ओएनटीच्या रांगेत साचतात, आणि गेमचं इवलंसं पॅकेट शहरातल्या सीबीएस चौकाच्या सिग्नलला चार ट्रकांमागे अडकलेल्या स्कूटरसारखं आपली पाळी येईपर्यंत उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात.

म्हणजे दुखणी दोन आणि एकमेकांशी असंबद्ध. एक हवेतलं: माळ्यावरून दोन स्लॅब ओलांडून वर जाताना ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल मरतो, म्हणून कन्सोल २.४ वर उतरतो, आणि तिथे दोन्ही शेजाऱ्यांसह वीसेक नेटवर्कांची दाटी. दुसरं रांगेतलं: भरलेला अपलोड. दोन्ही एकाच वेळी असल्यामुळे एक दुरुस्त करून ‘फरक पडला नाही’ म्हणत सोडून देण्याचा धोका मोठा होता.

पर्याय

तीनशेचा प्लॅन. चौकशी केल्यावर कळलं की त्यात अपलोड तीसच होणार. फोटो चढायला तो थोडा कमी वेळ घेईल, पण चढत असताना रांग तशीच. आणि वरच्या खोलीतल्या हवेवर परिणाम शून्य. बाद.

जिन्यातला एक्स्टेंडर. दीड हजारात येतो आणि फोनवर सिग्नलच्या दांड्या पूर्ण दाखवतो, म्हणून खपतो. पण एकाच रेडिओवर ऐकायचं आणि त्याच रेडिओवर पुढे सांगायचं, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो आणि प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं. व्हिडिओ पाहायला चालून जाईल. गेमला नको.

मेश. दोन-तीन डब्यांचा संच, डबे एकमेकांशी वायरलेस बोलणारे. फोनसाठी उत्तम, पण इथे डब्यांमधला दुवाही त्याच स्लॅबमधून जाणार होता. डबे केबलने जोडले तर मेश छान चालतो. मात्र केबल टाकायचीच असेल तर ती सरळ कन्सोललाच का लावू नये, हा प्रश्न उरतो.

विजेच्या वायरिंगवरून नेटवर्क नेणारे ॲडॅप्टर. मजले वेगवेगळ्या वर्षी चढलेले, प्रत्येकाचं वायरिंग वेगळं, वरच्या मजल्याची इन्व्हर्टरची लाइन स्वतंत्र. अशा घरात त्यांचा भरवसा नाही.

लॅन केबल. काम जास्त, धूळ जास्त, पण हवेचा प्रश्नच मिटतो. घरात सगळ्यांचा विरोध याच पर्यायाला होता, कारण ‘भिंतीवर पट्टी दिसणार’.

निर्णय

केबल ठरली, पण कुठून न्यायची यावर खरा विचार झाला. सोपा मार्ग बाहेरच्या भिंतीवरून: पुढच्या दारापासून सरळ गच्चीपर्यंत. तो नाकारला. साध्या केबलचं आवरण उन्हात एक-दोन वर्षांत तडकतं आणि पावसात पाणी केबलच्या आतून वाहत थेट जॅकपर्यंत येतं. त्याहून मोठी भीती विजेची. घराबाहेरून लांब धावणाऱ्या तांब्याच्या तारेत जवळपास वीज पडली तरी दाब चढतो आणि आधी कन्सोलचं लॅन पोर्ट जातं, तेही मदरबोर्डवरचं.

म्हणून उलटा विचार केला: तांबं लांबवण्यापेक्षा काच लांबवावी. कंपनीकडून फायबरच दारापासून जिन्यातून पहिल्या मजल्याच्या पॅसेजपर्यंत आणली आणि ओएनटी तिथे हलवला. फायबर काचेची, तिला विजेचा दाब लागत नाही आणि ती दोऱ्याएवढी असल्यामुळे जिन्याच्या कडेने दिसतही नाही. पॅसेज घराच्या बरोबर मध्यावर, त्यामुळे वर आणि खाली एकेकच स्लॅब. हे काम ५०० रुपयांत झालं. घरात दुसरं काहीच करायचं नसतं तरी एवढं जरूर करावं, असं आमचं मत आहे.

दुसरा निर्णय राउटरचा. ओएनटीतल्या राउटरला रांग आवरता येत नाही. त्यासाठी एसक्यूएम (रांग आवरणारी सोय) असलेला स्वतंत्र राउटर लागतो, ज्यात केक किंवा एफक्यू-कोडेल ही पद्धत चालते. दुकानात दाखवलेला आठ अँटेना आणि लाल दिव्यांचा ‘गेमिंग राउटर’ यासाठी नाकारला की त्याचं गेमिंग क्यूओएस (कोणाचा डेटा आधी जाणार ते ठरवणारी सोय) नुसतं उपकरणांना अग्रक्रम देत होतं, अपलोडला लगाम घालत नव्हतं. घेतला तो वाय-फाय ६ चा साधा, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मुक्त सॉफ्टवेअर) चालणारा, ५,६०० रुपयांचा.

प्रत्यक्ष काम

केबल कॅट-६, ३० मीटर. पॅसेजपासून वरच्या खोलीत १४ मीटर, हॉलच्या टीव्हीपर्यंत १२, बाकी शिल्लक. एम. जी. रोडवरच्या पहिल्या दुकानात निम्म्या दरात मिळालेला तुकडा ब्लेडने खरवडून पाहिला तर तांबूस रंगाखाली पांढरी चमक. ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. वाकवली की आत तुटते आणि जॅकमध्ये नीट बसत नाही. आवरणावर बारीक अक्षरांत सीसीए छापलेलं असतं, पण कोणी वाचत नाही. शुद्ध तांब्याची ३५ रुपये मीटरने घेतली.

जिन्याच्या कोपऱ्यातून पट्टीत, विजेच्या तारांपासून फूटभर अंतर ठेवून. जिथे ओलांडावीच लागली तिथे काटकोनात. वळणं गोलाकार, केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा घट्ट नाहीत. दोन्ही टोकांना भिंतीवर जॅकचा डबा आणि तिथून कन्सोलपर्यंत तयार पॅचकॉर्ड. पट्टीतली केबल थेट कन्सोलमध्ये खोचली की दर सफाईला ती हलते आणि वर्षभरात तुटते.

जॅकमध्ये रंगांचा क्रम दोन्हीकडे टी-५६८बी: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचे पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचे नाहीत.

इथे एक गंमत झाली. सगळं जोडल्यावर नेट सुरू झालं, कन्सोल खूश, इलेक्ट्रिशियन निघायच्या तयारीत. राउटरच्या पानावर मात्र त्या पोर्टचा वेग १००० ऐवजी १०० दिसत होता. कारण नेहमीचंच: १०० एमबीपीएसला १-२ आणि ३-६ या दोनच जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. टेस्टर लावला तर सातवा दिवा लागेना. पांढरा-तपकिरी धागा जॅकच्या खाचेत दातांपर्यंत पोचलाच नव्हता, वरच्या वर तरंगत होता. पुन्हा ठोकल्यावर आठही दिवे लागले. प्लॅन शंभरचाच असल्यामुळे हा दोष वर्षानुवर्षं लपून राहिला असता. म्हणून नुसतं ‘नेट चालतंय’ यावर कारागिराला सोडू नये, टेस्टरचे आठ दिवे स्वतः मोजावेत.

नवा राउटर ओएनटीच्या मागे जोडल्यावर दुसरीच अडचण उभी राहिली. प्लेस्टेशनच्या चाचणीत नॅट (घरातल्या पत्त्यांचं बाहेरच्या पत्त्यात भाषांतर) टाइप ३, म्हणजे सगळ्यात अडवणारा प्रकार, आला आणि मित्रांचा आवाज पूर्ण बंद. नव्या राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर बाहेरचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत होता, म्हणजे पत्त्यांचं भाषांतर घरातच दोनदा होत होतं: ओएनटीतही आणि राउटरमध्येही. उपाय दोन. नवा राउटर नुसता ॲक्सेस पॉइंट (फक्त वाय-फाय देणारा डबा) करायचा, पण मग एसक्यूएम जातं. किंवा ओएनटी ब्रिज मोडवर (राउटरचं काम बंद, नुसता सिग्नल पुढे देणारा) टाकून पीपीपीओई (कंपनीच्या जोडणीचं) लॉगिन नव्या राउटरमध्ये भरायचं. दुसरा घेतला. त्यासाठी केबलवाल्याकडून तीन गोष्टी लागतात: युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक (कंपनीच्या जाळ्यातल्या आपल्या वाटेचा क्रमांक). चौथी कोणी सांगत नाही: जुन्या यंत्राचा मॅक पत्ता (यंत्राची स्वतःची ओळख) त्यांच्याकडे बांधलेला असतो. सगळं बरोबर भरूनही लॉगिन होईना, फोन करून ते बाइंडिंग काढायला लावल्यावर मिनिटभरात झालं.

आता बाहेरचा पत्ता १०० ने सुरू झाला. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते कंपन्यांच्या सामाईक नॅटसाठी २०१२ पासून राखीव आहेत, म्हणजे एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. अशा जोडणीवर घरच्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून येणाऱ्याला आत वाट) करत बसणं व्यर्थ, कारण दार कंपनीकडे बंद असतं. स्थिर आयपी (फक्त आपला, न बदलणारा पत्ता) महिन्याला जादा पैसे भरून मिळत होता. तो घेण्याआधी पुन्हा चाचणी केली: नॅट टाइप २. खेळायला आणि बोलायला टाइप २ पुरतो, म्हणून स्थिर आयपी घेतला नाही. टाइप ३ च राहिला असता तर घ्यावा लागला असता.

एसक्यूएममध्ये मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के आकडे भरले: डाउनलोड ९०, अपलोड १८. दहा टक्के वेग हातचा सोडायचा याला वडिलांचा आक्षेप होता. पण लगाम घरच्या राउटरच्या हाती राहायचा तर त्याची मर्यादा कंपनीच्या मर्यादेपेक्षा कमीच हवी. शंभर भरले तर रांग पुन्हा बाहेर साचते.

वाय-फायचे बँड वेगळ्या नावांनी केले. २.४ ला रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनल ११, कारण १ आणि ६ वर शेजाऱ्यांची गर्दी जास्त. ५ गिगाहर्ट्झला चॅनल ३६, रुंदी ८०. ५२ ते १४४ हे चॅनल रिकामे दिसले तरी टाळले: तिथे रडारची चाहूल लागली, अगदी खोटी असली तरी, राउटरला चॅनल सोडावाच लागतो आणि ऐन सामन्यात सगळे बाहेर फेकले जातात. जुना प्लेस्टेशन ४ पॅसेजच्या भिंतीपलीकडेच होता, त्याला दोन मीटरची पॅचकॉर्ड थेट राउटरमधून.

ओएनटी मागे सरकल्यामुळे गेटवरचा कॅमेरा मात्र अडखळू लागला, याचा अंदाज आधी घेतला नव्हता. कमजोर सिग्नलवरचं उपकरण हळू बोलतं आणि तेवढा वेळ सगळ्यांची हवा अडवून ठेवतं. घरात पडून असलेला जुना राउटर हॉलमध्ये ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला: डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद, पत्ता बदलून १९२.१६८.१.२, खालची केबल त्याच्या वॅनमध्ये न लावता लॅन पोर्टात आणि शेजारच्या पोर्टातून टीव्ही. डीएचसीपी बंद करायला विसरलं तर निम्मे फोन चुकीचा गेटवे (बाहेर जाण्याची वाट) घेतात आणि ‘वाय-फाय आहे पण नेट नाही’ होतं.

शेवटी ओएनटी आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस. इन्व्हर्टर असूनही, कारण वीज गेल्यावर इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या झटक्यात राउटर पुन्हा सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटं जातात. घेताना दोन्ही ॲडॅप्टरवरचे अँपिअर बेरीज करून पाहावे.

निकाल आणि खर्च

कन्सोलच्या जागी राउटरपर्यंत १ मिलिसेकंदाच्या आत, गळती नाही. मुंबईपर्यंत ९, आणि दोन्ही फोन फोटो चढवत असताना १५ ते २०. आईच्या क्लासचं चित्र गोठणंही थांबलं. १०० जीबीचा गेम ९० च्या मर्यादेत अडीच तासांत उतरतो आणि तेव्हाही खाली टीव्ही चालतो.

खर्च: केबल १,०५०, पट्टी ४५०, जॅक-डबे-पॅचकॉर्ड ४००, राउटर ५,६००, यूपीएस १,४००, इलेक्ट्रिशियन १,०००, फायबर हलवणं ५००. एकूण १०,४०० रुपये. तीनशेच्या प्लॅनचे जादा पैसे वर्षाला ४,८०० होते, तेही काहीच न सुटता.

मुलाची एक तक्रार कायम आहे. त्याच्या एका गेमचा सर्व्हर सिंगापूरला आहे आणि तिथे पिंग ७० च्या आसपास राहतो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटर. काचेतून प्रकाशाला नुसतं जाऊन यायलाच ४० मिलिसेकंद लागतात. त्यावर घरात करण्यासारखं काही नाही, आणि ‘पिंग कमी करणाऱ्या’ ॲपला पैसे देण्यासारखं तर मुळीच नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वरच्या खोलीत एकाऐवजी दोन केबली टाकायला हव्या होत्या. जादा केबलचे पाचशे रुपये वाचवले. चार महिन्यांत धाकटीचं टेबल वर गेलं आणि आता तिथे पाच पोर्टचा स्विच बसवावा लागला. पट्टी एकदाच उघडते, तेव्हा दुसरी केबल आणि ओढायला एक नायलॉनची दोरी आत सोडून द्यावी.

कॅमेऱ्यालाही तेव्हाच वायर द्यायला हवी होती. सतत चालणारं आणि जागचं न हलणारं उपकरण वाय-फायवर ठेवण्यात अर्थ नाही.

आणि ब्रिज मोडची माहिती कुठेच लिहून ठेवली नव्हती. पावसाळ्यात ओएनटी बिघडला, कंपनीने नवा बसवला, तो अर्थात राउटर मोडमध्येच आला आणि टाइप ३ परत हजर. युजरनेम, व्हीलॅन आणि एसक्यूएमचे आकडे शोधण्यात दोन दिवस गेले. आता राउटरच्या सेटिंगचा बॅकअप लॅपटॉपवर आहे, आणि कंपनीचा माणूस ओएनटीला हात लावून गेला की आधी वॅन पानावरचा पत्ता पाहायचा: १९२.१६८ दिसला तर ब्रिज गेला, १०० दिसला तर ठीक.